लक्ष्मीबाईंनी लिहिलेले घर

अध्यक्ष महोदय आणि मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

आपल्याच माणसांविषयी खरे लिहिणे किती अवघड असते, हे ज्याने आईवडिलांवर चार ओळी लिहायला घेतल्या आहेत त्याला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्राच्या चार भागांत ते साधले, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आईच्या वडिलांना १८५७च्या बंडानंतरच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असे ठाण मांडले की घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. या जाचाचे वर्णन करताना त्या वडिलांना दोषी ठरवून मोकळ्या होत नाहीत. त्यांच्या मनाला झालेली जखम त्या आधी दाखवतात आणि मग त्या जखमेची किंमत घरातल्या इतरांनी कशी मोजली ते सांगतात.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक प्रतिभावान कवी, पण अतिशय रागीट, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारे आणि न सांगता घरातून निघून जाणारे होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळे सांभाळूनच. ते हळूहळू, स्वतःच्या विचाराने गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते पुस्तकाचा गाभा याच पानांत आहे, कारण पतीवरचा संताप आणि पतीची ओढ या दोन्ही गोष्टी त्या एकाच परिच्छेदात लिहितात आणि एकीसाठी दुसरी पुसत नाहीत.

अहमदनगरच्या त्यांच्या घरात कवी बालकवी मुलासारखे राहिले. त्यांचे लहरी, हळवे वागणेही लक्ष्मीबाईंनी आईच्या नजरेने टिपले आहे.

टिळक १९१९ साली गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्याच अध्यायांवर थांबले होते. ज्या बाईला लग्न होऊन आली तेव्हा अक्षरओळखही नव्हती, तिने त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घातली. स्वतःच्या आयुष्याची कहाणी त्यांनी उतारवयात लिहिली आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले.

हे गद्य ओसरीवर बसून सांगावे तसे आहे. बोलताना श्वास जिथे घ्यावा, तिथेच त्याचे वाक्य थांबते. आपल्या मुलांपैकी पुष्कळांना मराठी कळते, पण वाचता येत नाही. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की पुढच्या बैठकीत ‘स्मृतिचित्रे’चे पहिले प्रकरण आपण मुलांसमोर मोठ्याने वाचावे. वाचनाला सुरुवात मी करीन.