पुढं २९, मागं ३६

(दृश्य : श्टुटगार्टजवळचं एक खासगी गॅरेज. एप्रिलमधली सकाळ. शटर वर जातं, आत चादरीखाली झाकलेली गाडी.)

नंबरप्लेटच्या उजव्या टोकाला दोन छोटे आकडे आहेत. वर ०४, खाली १०. एप्रिल ते ऑक्टोबर, एवढेच महिने ही गाडी रस्त्यावर यायची. जर्मनीत अशी हंगामी पाटी मिळते. आणि नंबरानंतरचं एच हे अक्षर सांगतं की गाडीनं तिशी ओलांडलीय आणि तिची नोंद आता जुना ठेवा म्हणून झालीय.

पोर्श ९११ कॅरेरा ३.२, मॉडेल १९८६चं. ३,१६४ सीसीचं सहा सिलिंडरांचं इंजिन, २३१ हॉर्सपॉवर, ताशी २४५ किलोमीटरपर्यंत वेग. श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर, १९६८ पासून. इथल्या गाड्यांच्या कारखान्यांत मराठी बोलणारे इंजिनिअर आता सहज भेटतात. मीही त्यातलाच एक, म्हणून या गॅरेजपर्यंत पोचलो.

मालक सत्तरीतले. चादर काढतात, नीट घडी घालतात. किल्लीला अजून हात लावलेला नाही. आधी मागच्या चाकापाशी गुडघे टेकतात, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढतात आणि खिशातलं गेज लावतात.

(दृश्य : गेजचा काटा, अगदी जवळून.)

मागं २.१ बार. पुढं १.७. आपल्याकडं पंक्चरवाल्याच्या दुकानात पीएसआय चालतं, त्या हिशेबानं मागं तीस आणि पुढं पंचवीसच्या आत. हवी होती मागं ३६, पुढं २९. पाच महिने गाडी जागेवरून हललेली नाही, कुठं पंक्चर नाही, तरी एवढी हवा गेली. रबरातून हवा झिरपतच असते. शिवाय थंडी. तापमान दहा अंशांनी उतरलं की गेजवर सुमारे दीड पीएसआय कमी दिसतो.

आता पुढं २९ आणि मागं ३६ का, ते बघू. सात पीएसआयचा हा फरक म्हणजे या गाडीची अख्खी जन्मकुंडली आहे.

१९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधला शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीनं म्हटलं आणि ९०१ची ९११ झाली. इंजिन मात्र होतं तिथंच राहिलं : मागच्या धुरेच्याही मागं. त्यामुळं साधारण साठ टक्के वजन मागच्या दोन चाकांवर. सुरुवातीच्या गाड्यांचं पुढचं टोक इतकं हलकं वाटायचं की काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत अकरा-अकरा किलोची लोखंडी वजनं बसवून ती विकली. मग १९६९च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं सरकवली. चाकं मागं नेली की इंजिनाचं वजन आपोआप मध्याकडं येतं. वाढत्या अंगाच्या पोराची पँट दरवर्षी खाली सोडावी, तसे हे बदल झाले.

टायरमधली हवा हा त्याच दुरुस्तीचा एक भाग आहे. वळणावर टायर वाकतो, पिळला जातो. स्टिअरिंग जिकडं बघतंय त्याच्यापेक्षा गाडी थोडी बाहेरच्या बाजूनं जाते. मागच्या टायरवर ओझं जास्त, म्हणून तो जास्त पिळला जाणार. त्यात हवा जास्त ठेवली की तो ताठ राहतो आणि गाडीची शेपूट जागेवर राहते.

एक हिशेब मांडून बघा. चालकासकट गाडी साडेबाराशे किलो धरू. पुढच्या एका चाकावर अडीचशे किलो येतात. हवेचा दाब दोन बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो. अडीचशेला दोननं भागा. जमिनीला टेकलेला रबराचा तुकडा सव्वाशे चौरस सेंटिमीटरचा. टायरच्या भिंतीही थोडं ओझं पेलतात, तेव्हा हा आकडा ढोबळ, पण अंदाज येतो.

(दृश्य : गॅरेजच्या फरशीवर, पुढच्या चाकाशेजारी ठेवलेलं एक पोस्टकार्ड.)

आपलं पोस्टकार्ड चौदा बाय नऊचं असतं. तेवढीच जागा. मागच्या चाकाखाली थोडं मोठं. ताशी दोनशेचा वेग, ब्रेक, वळण, पाऊस, सगळं या चार कार्डांवर.

आणि इथंच आपली सवय आडवी येते. पंपावर गेलं की आपण म्हणतो, ‘चारीमध्ये ३२ मार.’ घरच्या गाडीला ते खपून जातं. ९११ला नाही. पुढचे टायर गरजेपेक्षा ताठ होतात आणि झपकन वळतात, मागचे मऊ पडतात आणि बाहेर सुटतात. त्यात वळणाच्या मधोमध घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, तर वजन पुढं झुकतं, मागचं ओझं हलकं होतं आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

हे अमेरिकेनं फार आधी बघितलंय. १९६०च्या शेवरोले कॉर्वेअरचंही इंजिन मागं होतं. कंपनीनं सांगितलेली हवा पुढं १५, मागं २६. हे मालकांना नीट माहीत नसायचं आणि पंपावरचा पोऱ्या चारी चाकांत सारखीच हवा भरायचा. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांनी १९६५ साली यावर बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा मला आजही रास्त वाटतो : ज्या गाडीचा जीव या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा मालकाला ठळक सांगितलाच पाहिजे.

(दृश्य : गाडी जॅकवर. मालक टॉर्च घेऊन मागच्या टायरच्या आतल्या बाजूला वाकलेले.)

आता झीज. टायर मधोमध घासला असेल तर हवा सतत जास्त होती. दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी. या गाडीचा मागचा टायर मात्र आतल्या कडेनं खाल्लेला असतो. मागची चाकं वरून किंचित आत झुकवलेली असतात, वळणावर पकड राहावी म्हणून. गाडी दिसायला छान म्हणून कुणी ती खाली बसवून घेतली, तर झुकाव आणखी वाढतो आणि आतली कड महिन्यागणिक संपत जाते. उभं राहून बघणाऱ्याला बाहेरची भरगच्च नक्षीच दिसते. म्हणून टॉर्च, आणि म्हणून जमिनीवर आडवं होणं.

मालक खिशातून एक युरोचं नाणं काढतात. नाण्याची सोनेरी कड तीन मिलिमीटर रुंद असते. खाचेत घातल्यावर ती कड पूर्ण बुडाली, म्हणजे तीन मिलिमीटरहून जास्त नक्षी शिल्लक. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, जर्मनीत आणि भारतातही. इथं कड बुडतेय, वर आणखी जागा उरतेय. मग मालक पुढच्या चाकाच्या नक्षीवरून तळहात फिरवतात, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. दोन्हीकडं सारखंच गुळगुळीत. एका दिशेनं हात अडखळला असता, तर अलाइनमेंट बिघडलीय हे हातालाच कळलं असतं.

म्हणजे टायर चांगले? मलाही तसंच वाटलं होतं.

(दृश्य : टायरच्या कडेवरचा लंबगोल ठसा. त्यात चार आकडे : ३२०९.)

डीओटी या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २००९ सालचा बत्तिसावा आठवडा, हा या टायरचा जन्म. कारच्या टायरला वयाची मर्यादा जर्मन कायद्यात नाही. फक्त नक्षी मोजतात. आणि हंगामात हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी संपतच नाही. आधी रबर म्हातारं होतं.

ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन रबराला हळूहळू कडक करतात. त्यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, सुटतो, तसतसं ते मेण पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर धरतं. रोज धावणारा टायर असा स्वतःच स्वतःला तेल लावून घेतो. पाच-पाच महिने उभ्या गाडीला ते मिळत नाही. खाचेच्या तळाशी टॉर्च मारला, तर केसाएवढ्या भेगा दिसतात. नख दाबलं, तर वण उठत नाही.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटाजवळ पोर्श कॅरेरा जीटीचा अपघात झाला. अभिनेते पॉल वॉकर आणि गाडी चालवणारे त्यांचे मित्र, दोघंही गेले. ताशी ७२ किलोमीटरच्या हद्दीत गाडी १३० ते १५०च्या घरात होती, आणि कारण अतिवेग हेच ठरलं. पण तपास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते.

आमच्यासमोरचे टायर त्याहून जुने आहेत.

मालक पुढची डिकी उघडतात. ९११ची डिकी पुढं असते. आत स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, जादा चाकं बनवणारी कंपनी तिथं होती. ही स्टेपनी आकसलेली आहे, जागा वाचावी म्हणून. वापरायच्या वेळी सोबतच्या बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरनं फुगवायची. तिच्यावर तारखेचे तीनच आकडे, कारण चार आकड्यांची पद्धत २००० साली आली. बहुधा गाडीबरोबरच आलेली. नक्षी कोरी करकरीत, रस्ता एकदाही न पाहिलेली. मालक तिच्याकडं बराच वेळ बघतात. मग पाचवा टायरही बदलायच्या यादीत लिहितात.

(दृश्य : टायरचं दुकान. जुने टायर रिमवरून सुटताना.)

पुढं २०५/५५, मागं २२५/५०, सोळा इंची फुक्स रिम. हे माप अजून मिळतं. पोर्शनं तपासून मान्य केलेल्या टायरवर एन हे अक्षर आणि त्यापुढं आकडा असतो, मालकांनी तो बघूनच घेतलाय. व्हॉल्व्ह नवे. बॅलन्सिंग करून झाल्यावर पाचही नट टॉर्क रेंचनं १३० न्यूटन-मीटरला आवळले जातात, एकाआड एक. नट ॲल्युमिनियमचे आहेत, तिथं एअरगन चालवायची नाही. दुकानातल्या पोरानं ती उचललीच होती, मालकांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

थंड टायरमध्ये हवा भरली. पुढं २.०, मागं २.५.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून न्यायचे. कोऱ्या रबराचा वरचा गुळगुळीतपणा निघून जायला हवा. आम्ही शहराबाहेर पडलो, द्राक्षमळ्यांच्या कडेनं, ओलसर रस्त्यानं. पहिल्या मोठ्या वळणावर मालकांनी वेग आधीच कमी केला, मग पाय हलकेच खाली नेत गाडी वळणातून बाहेर काढली. मागून ओढलेला आवाज, आणि शेपूट जागच्या जागी.

चाळीस मिनिटांनी वाटेत एका ठिकाणी थांबलो. त्यांनी पुन्हा गेज लावलं. मागं २.८. मी विचारलं, थोडी हवा सोडायची का?

त्यांनी मान हलवली. गरम टायरचा आकडा आहे तो, थंड झाल्यावर अडीचच दिसेल. आत्ता सोडली तर उद्या सकाळी कमी पडेल. चारी व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट बसवून त्यांनी वहीत तारीख लिहिली, बाहेरचं तापमान लिहिलं, आणि आम्ही पुढं निघालो.