एक मजला वर राहिलेलं कोर्ट

श्रोतेहो, नमस्कार.

पिट्सबर्ग हे अमेरिकेतलं लोखंड-पोलादाचं शहर. तिथलं अ‍ॅलेगेनी काउंटीचं, म्हणजे आपल्या हिशेबानं जिल्ह्याचं, कोर्ट 1882 साली आगीत गेलं. नव्या इमारतीचं काम वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांना मिळालं. 1884 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1888 मध्ये संपलं. रिचर्डसन मात्र 1886 मध्येच वारले. आपली पारख या कोर्टावरून आणि शिकागोतल्या मार्शल फील्डच्या दुकानावरून व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. दुकान 1930 मध्ये पाडलं. कोर्ट शाबूत आहे.

भिंती गुलाबीसर ग्रॅनाइटच्या, दगडाचा दर्शनी भाग मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला, कमानी अर्धगोल आणि दणकट. मुंबईचं हायकोर्ट याच्या दहा वर्षं आधीचं, पण ते गॉथिक, टोकदार कमानींचं. इथे टोकांची हौस कमी, वजनाची जास्त.

मला मात्र कौतुक वाटतं ते चौकाचं. चहूबाजूंनी इमारत आणि मध्ये मोकळं अंगण, त्यामुळे आतल्या बाजूनंही उजेड येतो. हवेचीही सोय होती. गिरण्यांच्या धुरानं भरलेल्या शहरात रस्त्यालगतची हवा आत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून समोरच्या उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून ती खाली ओढून घेत. दिसायला शोभेचा मनोरा, काम धुराड्याच्या उलट! मागे तुरुंग, आणि रस्त्यावरून गेलेला बंदिस्त दगडी पूल. आरोपीला या पुलावरून थेट कोर्टात आणत. व्हेनिसमधल्या अशाच पुलाच्या धर्तीवर तो बांधलाय.

आता गंमत ऐका. समोरच्या ग्रँट स्ट्रीटला चढ होता. 1912-13 च्या सुमारास शहरानं तो खोदून रस्ता खाली नेला. तळघर उघडं पडलं आणि मुख्य दरवाजा अधांतरी राहिला! मग बाहेरून जिना जोडला. पुढे रस्ता रुंद करताना तोही काढला आणि दरवाजे खालपर्यंत वाढवले. म्हणजे आज आपण शिरतो ते मूळच्या तळघरात. इतक्या भारदस्त इमारतीत पहिलं पाऊल ठेंगण्या छताखाली पडतं, हे खटकतंच. पायऱ्या चढून वर गेलात की मग दगडी जिन्यांच्या कमानी एकीमागून एक उलगडत जातात आणि रिचर्डसन भेटतात.

1995 मध्ये तुरुंगातले कैदी नव्या इमारतीत हलवले. जुन्या तुरुंगात आता कौटुंबिक न्यायालय भरतं. मूळ कोर्टात खटले अजूनही चालतात.