लेकराचं नाव मुकादमाच्या वहीत यायला हवं

(ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका महिला डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, समोर आशाताई बसल्या आहेत, अंगणवाडीताई आहेत, सरपंच आहेत. मागं भिंतीला टेकून ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे काही मुकादमही उभे दिसतायत. त्यांनी पुढं येऊन बसावं, कारण आज मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

दसरा झाला की आपल्याकडं ट्रॅक्टर भरायला लागतात. शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, अख्खा पट्टा रिकामा होतो. कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, कुणी पार बेळगावकडं. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी निदान वसतिगृहांचा विचार झाला, संत भगवानबाबांच्या नावानं २०२१ पासून योजनाही आली. पण अंगावर पिणारं, नुकतं पाऊल टाकायला लागलेलं लेकरू आईबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी जातं. ते जाणारच, त्यात आईचा काही दोष नाही. त्याचं लशीचं कार्ड, अंगणवाडीतला आहार, वजनाची नोंद हे सगळं मात्र गावातच राहतं.

जरा महिने मोजून बघू. दसऱ्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस द्यायची असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ यांच्यापासून वाचवणारे हे डोस. हिशेब केला तर तिन्ही तारखा कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीतच येतात. एप्रिलमध्ये ते बाळ गावी परततं तेव्हा सहा महिन्यांचं झालेलं असतं आणि कार्डावर फक्त जन्माच्या वेळच्या लशींची नोंद असते. आता जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं बाळ घ्या. नऊ महिने पूर्ण झाल्यावर त्याला गोवर-रुबेलाची पहिली लस द्यायची. नऊ महिने कधी भरतात? ऐन गाड्या निघायच्या वेळेला! म्हणजे ज्या लेकरांना लशीची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी तीच दर वर्षी हुकतात. ती फडावर एकाला एक लागून असलेल्या कोप्यांमध्ये राहतात आणि एकाला गोवर आला की दोन आठवड्यांत सगळ्या तळावर पसरतो.

गोवर म्हणजे देवीचं, लिंबाचा पाला ठेवला की आपसूक उतरतं, असं अजूनही म्हणतात. अंगावरचे पुरळ उतरतातही. जीव जातो तो त्यानंतर येणाऱ्या न्यूमोनियानं आणि जुलाबानं, कारण आजारांशी लढायची लेकराची ताकद गोवर कित्येक महिने मोडून ठेवतो. म्हणून गोवर झालेल्या लेकराला लगोलग दोन दिवस जीवनसत्त्व ‘अ’ द्यायचं असतं, तेही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात साथ आली तेव्हा सगळ्या राज्याला गोवराची आठवण झाली. शंभरातल्या पंच्याण्णव लेकरांना दोन्ही डोस मिळाले तरच ही साथ थांबते. उरलेल्या पाचांत आपलीच लेकरं असतील तर त्या पंच्याण्णवांचा त्यांना काय उपयोग?

आता जुलाबाचं सांगते, इथं मला थोडा जास्त वेळ लागणार आहे. एका फडावर मी पाहिलं, एका आईनं ओआरएसचं पाकीट दातानं फोडलं, स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि अर्धी पुडी त्यात टाकली. उरलेली पुडी घडी घालून पत्र्याच्या फटीत खोचली, पुन्हा लागेल म्हणून. काटकसरीनं वागणारी, लेकराची काळजी असणारी बाई. पण पेल्यातलं ते पाणी इतकं खारट झालं होतं की त्यानं लेकराला अपाय झाला असता. पूर्ण पुडी आणि पूर्ण एक लिटर पाणी, हेच प्रमाण धरायचं. कोपीवर मापाचं भांडं नसतं, पण पाण्याची एक लिटरची बाटली असते. ती स्वच्छ धुवा, गळ्यापर्यंत भरा, भांड्यात ओता, मग त्यात सगळी पुडी टाका. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या आणि नवीन करा. जुलाब लागले म्हणून अंगावरचं दूध तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा.

या साध्या मीठ-साखरेच्या पाण्याची ताकद कळली ती निर्वासितांच्या छावणीत. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या लोकांमध्ये पटकीची साथ होती. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी ड्रमात भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण शंभरी तीसच्या घरातून चारच्याही खाली आलं. छावणीत आईबापांना जे जमलं ते फडावर का जमू नये?

पुडीबरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आणि चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही थांबतात, हे मी घरोघरी बघते. पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याची शक्यता त्या उरलेल्या गोळ्यांनी कमी होते, म्हणून कोर्स पुरा करा.

खोकल्याच्या लेकराचं पोट उडतंय असं वाटलं तर मोबाईलवर एक मिनिट लावा आणि श्वास मोजा. लेकरू शांत असावं, पीत किंवा रडत नसावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, त्यापुढच्याचे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नका, तडक निघा. पोटावर चटके देऊ नका. मी हात जोडून सांगते, त्यानं श्वास सुधारत नाही, वरून जखम मात्र होते.

हे सगळं गावातली बाई करू शकते, याचे दाखले लांब शोधायला नकोत. आपल्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडात आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून गावच्या अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला बायकांना तयार केलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जातात, ती वाट तिथूनच आली. पण बाळंतपण फडावर झालं तर ती घरभेट कोण देणार?

इथं मुकादमांकडं वळते. तुमच्या वहीत प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम रुपया-रुपयानं लिहिलेली असते. कोण कुठल्या कारखान्याला जाणार, तळ कुठं पडणार, हे साऱ्या तालुक्यात तुम्हालाच आधी ठाऊक असतं. आशाताईंना लेकरू माहीत असतं, तुम्हाला ठिकाण माहीत असतं, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही! गाड्या निघायच्या आधी एक दिवस ग्रामपंचायतीत बसा. ज्या कोयत्यांबरोबर पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यांच्यासमोर वहीत लेकराचं नाव, जन्मतारीख आणि पुढच्या लशीची तारीख लिहा. आशाताई तीच यादी तळाजवळच्या उपकेंद्राला फोनवर देतील. लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, आता यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंदही होते, आणि एखादा डोस हुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. गोवराची लस उशीर झाला तरी पाच वर्षांपर्यंत देता येते. जवळच्या अंगणवाडीतला आहारही त्या लेकराचा हक्क आहे, तिथल्या ताईंनी गावचं रेशनकार्ड मागायचं कारण नाही. अंगणवाडीताईंनी निघताना सहा महिन्यांच्या पुढच्या प्रत्येक लेकराच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावून बघावी. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरलं तर त्या लेकराला आधी उपचार मिळाले पाहिजेत, गाडी चार दिवस थांबली तरी चालेल.

आणि मुकादमांनी आणखी एक गोष्ट इथंच, सगळ्यांसमोर कबूल करावी. लेकरू घेऊन दवाखान्यात गेलं की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून आई जात नाही. लशीच्या आणि आजाराच्या दिवसाचा खाडा यंदाच्या हंगामापासून धरू नका. कारखान्याशी बोलायला लागणार असेल तर सरपंच तुमच्याबरोबर येतील, मीही येईन.