रेवदंड्याच्या पडवीत लोकर

(पडवी. सकाळचं ऊन.)

रेवदंड्याची ही पडवी. मागे नारळ-पोफळीची वाडी, तिच्या पलीकडे समुद्र. चटईवर अंथरलेल्या या लोकरीचा स्कार्फ होणार आहे. माग, सुया, दोरा, काहीच लागणार नाही.

पेळू म्हणजे पिंजलेल्या लोकरीची सैल वळी. तिचं टोक चिमटीत धरायचं आणि अलगद ओढायचं. बघा, थर इतका पातळ की खालच्या चटईच्या काड्या दिसतात. पहिला थर उभा, दुसरा आडवा. तिसरा घातला, तर स्कार्फ जड होतो. मांडणी सव्वादोन मीटर लांब, लोकर मात्र जेमतेम ६० ग्रॅम.

पांढरी लोकर मेरिनो मेंढीची, परदेशी. काठाची ही काळी रेघ आपल्या दख्खनी मेंढीची. पावसाळा सरला की फलटण-बारामतीकडचे धनगर घाट उतरून इकडे येतात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवतात. शेताला खत होतं. त्या मेंढरांची ही लोकर. मेरिनोपेक्षा बरीच जाड, म्हणून टोचते, आणि टोचते म्हणून आज तिला गिऱ्हाईक नाही. हिचीच घोंगडी महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पांघरली, हिचंच जेन अंथरलं. जेन म्हणजे तरी काय, मळून-लाटून केलेलं लोकरीचं कापडच. म्हणजे पडवीत चाललंय ते काम आपल्याला परकं नाही.

(फेस. तळहात.)

वर मच्छरदाणीचं कापड, त्यावर साबणाचं कोमट पाणी. लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. पाण्याने, साबणाने ते उघडतात. केस एकमेकांत शिरतात, अडकतात, आणि मग सुटत नाहीत. सुरुवातीला हात नुसता फिरवायचा. दाबला की थर सरकतो, भोक पडतं.

आता चटईसकट गुंडाळी. शंभर वेळा पुढे-मागे लाटायची. उलगडायची, दिशा बदलायची, पुन्हा शंभर. मग चिमटीने उचलून बघायचं. एकटा केस वर आला तर अजून लाटायचं. अख्खं कापड उचललं गेलं, की जमलं.

(फरशीवर आपटल्याचा आवाज.)

आपटून, चोळून सव्वादोन मीटरचा दीड मीटर होतो. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर, साबणाचा अंश निघावा म्हणून. दोन दिवसांच्या या मेहनतीचे पैसे फारसे मिळत नाहीत. घेणारे बहुतेक पर्यटकच.

दोन पोफळींमधल्या दोरीवर स्कार्फ आता वाळतोय.

(पुढे निवेदन नाही. फक्त वारा.)