टँकरचं कॅलेंडर आणि जिनिव्हा

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत एका काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. टँकर आला त्या तारखेवर निळी फुली, नाही आला तर लाल. एप्रिलच्या पानावर लालच जास्त. म्हणाल्या, "जिनिव्हाले हे चालते काय जी?"

चालते. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क यंत्रणांपुढे आम्हा संस्थावाल्यांच्या भाषणबाज अहवालांपेक्षा बरं चालते.

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ पासून आहे. पाणी हा त्यातलाच हक्क, असं त्या कराराच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केलं. सरकार या समितीला अहवाल देतं, तेव्हा संस्थांनाही आपला पर्यायी अहवाल देता येतो. मात्र एकट्या माणसाची तक्रार ती भारताविरुद्ध ऐकत नाही, कारण त्यासाठीचा वेगळा पूरक करार (प्रोटोकॉल) आपण स्वीकारलेला नाही. हे वस्तीत पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं. नाहीतर लोक कोर्टासारखी निकालाची वाट बघत बसतात.

दुसरी वाट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेची. तिथे प्रत्येक देशाचा पाळीपाळीने आढावा होतो. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. यासाठी एका संस्थेला फक्त २,८१५ शब्द मिळतात, अनेकांनी मिळून लिहिलं तर ५,६३०. आम्ही सवयीने पहिली दोन पानं संस्थेच्या इतिहासावर घालवतो! त्याऐवजी तारखा लिहा. किती घरं, किती दिवस, कुणाकडे अर्ज दिला, पोच आहे का. आणि मराठी कागद तिथे कुणी वाचत नाही, तेव्हा भाषांतराला वेळ ठेवा.

घरच्या दारालाही विसरू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे मराठीत तक्रार करता येते, फी लागत नाही, पण घटनेला वर्ष उलटायच्या आत.

जिनिव्हाच्या त्या परिषदेने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, म्हणजे विशेष प्रतिवेदकांना, मात्र एखाद्या माणसाची बाबही कळवता येते. ते सरकारला पत्र लिहितात आणि ते पत्र पुढे जाहीर होतं, बहुतेकदा पीडिताच्या नावासकट. म्हणून आधी विचारायचं.

काकूंना विचारलं. म्हणाल्या, "कॅलेंडर टाका जी, नाव नका टाकू. टँकरवाला रोज याच दारातून जाते."