चांद्याच्या जेलमधला पिंपळ

चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, जेलमध्ये एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८, याच पिंपळाला इंग्रजांनी बाबूराव शेडमाकेंना फाशी दिली. वय किती, तर अवघं २५.

१८५७ म्हटलं की आपण मेरठ, कानपूर, झाशी धडाधड सांगतो, पण आपल्याच चांद्याच्या जंगलात तेव्हा काय पेटलं होतं ते मला तरी शाळेत कोणी सांगितलं नाही, आणि याचं खरंच वाईट वाटतं.

झालं असं, की १८५३ ला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, गादीला वारस नाही म्हणून इंग्रजांनी पुढच्या वर्षी सगळं राज्यच खालसा केलं आणि त्यात चांदाही गेला. बाबूराव गोंड जमीनदाराच्या घरातले, मोलमपल्लीचे. पोरगा जमीनदारी सांभाळून आरामात जगला असता की! पण त्याने आजूबाजूच्या गावांतली आदिवासी पोरं जमवली, जंगोम दल नावाची फौज उभी केली आणि मार्च १८५८ मध्ये थेट चांद्यातलाच राजगड परगणा घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिचटन, त्याने फौज पाठवली, ती नांदगाव-घोसरीजवळ मार खाऊन परत गेली. मग अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटरावही येऊन मिळाले.

आता चिंचगुंडी. प्राणहिता नदीकाठी टेलिग्राफवाल्या साहेबांचा कॅम्प पडला होता. तार म्हणजे तेव्हा इंग्रजांचा जीव, कुठे काय घडलं ते लगेच कळायचं, फौज लगेच निघायची. २९ एप्रिलच्या रात्री बाबूराव आणि व्यंकटरावांच्या माणसांनी त्या कॅम्पवर हल्ला केला, गार्टलँड आणि हॉल हे दोघं साहेब जागीच गेले, तिसरा पीटर कसाबसा निसटून क्रिचटनकडे पोचला.

यानंतर मात्र क्रिचटन हात धुऊन मागे लागला. जंगलात आपल्याला हा सापडायचा नाही हे त्याला कळून चुकलं होतं, म्हणून त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, त्यांच्या माणसांनी सप्टेंबरमध्ये बाबूरावांना पकडून दिलं, आणि बदल्यात लक्ष्मीबाईंना गावं इनाम मिळाली. हे सांगताना माझा आवाज अजूनही जड होतो, कारण फौजेला जे जमलं नाही ते शेवटी आपल्याच माणसांकडून करून घेतलं.

व्यंकटराव बस्तरकडे निसटले, १८६० ला तेही सापडले, त्यांना जन्मठेप झाली.

पिंपळ अजून जेलच्या आतच आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला गोंड समाजाची माणसं लांबलांबच्या गावांतून तिथे येतात, बाबूरावांना वंदन करायला.