कुत्र्याच्या खाण्याचे पैसे

(पडद्यावर: खर्चाच्या वहीचं एक पान. हातानं लिहिलेले आकडे.)

वेंडी रोज हिशेब लिहिते. पेट्रोलला किती गेले, खाण्याला किती, आणि शेवटी शिल्लक. शिल्लक आहे पाचशे डॉलरच्या थोडी वर. तेवढ्यात तिला अमेरिकेच्या मधोमध असलेल्या इंडियानातून थेट अलास्काला पोचायचंय. तिथे मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात काम मिळतं, असं तिच्या कानावर आलंय. गाडी जुनी होंडा. सोबतीला लूसी नावाची कुत्री. ओरेगनमधल्या एका गावात सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी चालूच होत नाही.

‘वेंडी अँड लूसी’ची गोष्ट म्हणाल तर एवढीच. केली रायकार्ट यांचा २००८ सालचा सिनेमा, लांबी ८० मिनिटं, खर्च काही लाख डॉलर. हॉलिवूडमध्ये एवढ्या पैशांत एखादा पाठलागही उरकत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. वेंडी स्वतःशी गुणगुणते ती एक धून, आणि कुठूनतरी सतत येत राहणारा मालगाड्यांचा आवाज. वेंडी झालीय मिशेल विल्यम्स. लूसी ही दिग्दर्शिकेचीच कुत्री. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात कुत्र्यांसाठीसुद्धा एक गमतीदार बक्षीस असतं. त्या वर्षी ते लूसीनं नेलं.

सिनेमा पाहून लोक दोन गोष्टी बोलतात. एक, ‘काहीच घडत नाही’. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ज्याला तसं वाटलं, त्याला तसं वाटलं. दुसरी तक्रार जास्त रागानं येते, आणि ती सिनेमाबद्दल नसते. ती वेंडीबद्दल असते.

कारण वेंडी चोरी करते.

(पडद्यावर: दुकानाबाहेर खांबाला बांधलेली कुत्री.)

लूसीला बाहेर बांधून ती किराणा दुकानात शिरते आणि कुत्र्याच्या खाण्याचे डबे लपवून निघते. दारातच पकडली जाते. पकडणारा पोरगा तिच्याहूनही लहान, गळ्यात क्रूस. मॅनेजर एकवेळ सोडूनही देईल, पण हा ऐकत नाही. त्याचं म्हणणं, कुत्र्याला खायला घालायची ऐपत नसेल, तर माणसानं कुत्रं पाळूच नये. पोलीस येतात. ५० डॉलर दंड भरून ती परत येईपर्यंत खांबाशी कुत्री नसते.

आता खिशात पाचशे डॉलर असताना चोरी का केली? हा प्रश्न पडलाच पाहिजे, आणि प्रत्येकाला पडतो. मी हा सिनेमा पहिल्यांदा घरच्यांसोबत पाहिला. माझे मामा उभी हयात कॅशियर होते. वहीचं पान दिसल्याबरोबर त्यांनी मला सिनेमा थांबवायला लावला आणि आकडे नीट वाचले. नंतर चोरी झाली तेव्हा म्हणाले, “मूर्ख आहे पोरगी. दोन डॉलर वाचवायला गेली आणि पन्नास घालवून बसली.” मामी म्हणाल्या, “अहो, मोजून ठेवलेले पैसे म्हणजे आधीच खर्च झालेले पैसे. हात लावता येतो का त्याला?” मामांना ते पटलं नाही. मला पटलं. पण मामांचं गणित चुकलं होतं असंही म्हणवत नाही.

गंमत अशी, की मामा म्हणाले ते जवळजवळ त्या पोराचंच वाक्य होतं. फक्त मामांच्या तोंडी ते मायेनं आलं.

रायकार्ट यांना नेमकं हेच बोलणं कानात घेऊन सिनेमा करायचा होता. २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तेव्हा अमेरिकेत बरेच लोक म्हणत होते, की इतक्या हलाखीत ही माणसं राहिलीच का, वेळीच स्वतःची सोय का केली नाही? जॉन रेमंड हे त्यांचे लेखक मित्र. त्या दोघांच्या चर्चा या प्रश्नापाशी सुरू झाल्या. रेमंड यांनी आधी कथा लिहिली, मग दोघांनी मिळून पटकथा. म्हणजे ‘तिनं असं करायला हवं होतं’ हे वाक्य प्रेक्षक सिनेमा संपल्यावर शोधून काढत नाहीत. सिनेमा त्याच वाक्यातून निघालाय.

आणि म्हणूनच वेंडीची मागची गोष्ट आपल्याला सांगितलेली नाही. घर का सोडलं, नोकरी होती का, कुणी मारलं का, काही कळत नाही. बहिणीला एक फोन होतो. वेंडीनं अजून काही मागितलेलंही नसतं, तोवर पलीकडून ‘आमचीच ओढाताण आहे’ असा सूर लागतो. बस. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात इथे एक दारुडा बाप किंवा एखादा आजार आला असता. तो आला, की आपण सुटलो: बिचारीचा दोष नव्हता. इथे ती पावती मिळत नाही. पुष्कळ प्रेक्षकांची चिडचिड इथली आहे, असं माझं मत.

गरिबीवरच्या सिनेमांवर राग निघणं तसं जुनं आहे. १९५२ मध्ये इटलीत दिग्दर्शक दे सिका यांचा ‘उंबेर्तो डी.’ आला. पेन्शनीत न भागणारा म्हातारा आणि त्याचं कुत्रं फ्लाइक. त्यात एक प्रसंग आहे: म्हातारा रस्त्यावर भीक मागायला हात पुढे करतो, कुणी पैसे द्यायला थांबतं, आणि हा झटकन तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहत होता. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देऊन स्वतः आडोशाला लपतो. तेव्हा सरकारात चित्रपटांचं खातं पाहणारे जुलिओ आंद्रेओत्ती यांनी दे सिकांना जाहीर पत्र लिहिलं, की अशानं देशाची चुकीची प्रतिमा जगासमोर जाते. आपल्याकडे १९८०च्या सुमारास नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर केलेला आरोप याच जातीचा: परदेशात देशाची गरिबी विकता.

पण त्या भांडणांत अब्रू देशाची होती. वेंडीवर रागावणाऱ्यांना अमेरिकेच्या अब्रूशी घेणं नाही. त्यांना वही तपासायची आहे.

दुसऱ्या बाजूनंही वाद झाला. मार्च २००९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सचे समीक्षक ए. ओ. स्कॉट यांनी या आणि अशा काही छोट्या अमेरिकी सिनेमांना मिळून इटालियन नववास्तववादाचा, म्हणजे युद्धानंतर दे सिकांसारख्यांनी साध्या गरीब माणसांवर काढलेल्या सिनेमांचा, नवा अवतार म्हटलं. न्यू यॉर्करच्या रिचर्ड ब्रोडी यांना ती मांडणी पटली नाही. बाकी शंका साध्या आहेत. तारका घेऊन गरिबी दाखवता येते का? इतकं कमी बोलणं हीसुद्धा एक ऐटच नाही का? मला विचाराल तर एक जागा खरंच खटकते. वेंडी झाडीत झोपते आणि रात्री एक भ्रमिष्ट माणूस तिच्याजवळ येऊन बडबडतो, ती. तो माणूस वेगळ्याच सिनेमातून वाट चुकून आल्यासारखा वाटतो. पण त्यानंतर वेंडी पेट्रोल पंपाच्या संडासात जाऊन थरथरते, ते मात्र विसरता येत नाही.

सिनेमा अमेरिकेत लागला डिसेंबर २००८ मध्ये. चित्रण वर्षभर आधी झालेलं. मधल्या सप्टेंबरात लीमन ब्रदर्स ही मोठी बँक कोसळली होती. ज्यांनी कदाचित आदल्या वर्षी वेंडीला बेजबाबदार म्हटलं असतं, त्यांतल्या काहींची घरं आता बँकेकडे चालली होती.

(पडद्यावर: औषधाच्या दुकानासमोरचं मोकळं पार्किंग. एक म्हातारा पहारेकरी.)

हा पहारेकरी. पहिल्या सकाळी यानंच वेंडीला इथे झोपायचं नाही म्हणून उठवलं होतं. पुढे तोच तिला फोन वापरायला देतो. त्याचं एक बोलणं लोकांच्या लक्षात राहतं: पत्ता असल्याशिवाय पत्ता मिळत नाही, नोकरी असल्याशिवाय नोकरी मिळत नाही. पण मला आठवतं ते नंतरचं. गाडीत बसलेल्या बाईला दिसू नये अशा बेतानं तो वेंडीच्या हातात काही नोटा कोंबतो. वाद घालू नकोस, घे. तो गेल्यावर वेंडी मूठ उघडते. दहा डॉलरसुद्धा नसतील.

आमच्या घरात इथे एक हसलं. परदेशात शिकून आलेला माझा एक भाऊ. त्याला वाटलं, एवढा लपवाछपवीचा थाट आणि निघाले किती! मामा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सिनेमा थांबवायला लावला आणि नोटा मोजून घेतल्या.

गाडीचं इंजिन गेलेलं निघतं, दुरुस्तीचा आकडा हजारांत. लूसी सापडते, अंगण असलेल्या एका घरात. वेंडी जाळीच्या कुंपणाबाहेरून काठी फेकते, लूसी आणून देते, ती पुन्हा फेकते. पैसे मिळवून परत येईन, असं तिला सांगते आणि एकटीच निघते. मालगाडीच्या उघड्या डब्यात चढते. ती गुणगुणत असते.

दिवे लावले तेव्हा भाऊ म्हणाला, “हिला साधं कुणी सांगितलं कसं नाही, की...” आणि पुढचं काही त्याला सुचलं नाही. मामी डोळे पुसत होत्या. मामांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला बेरीज मांडली होती. दंड, गाडी ओढून नेल्याचे पैसे, मधले दोन-तीन दिवस, अधिक पहारेकऱ्याच्या त्या नोटा. खाली शिल्लक लिहिली आणि मला दाखवली.

“अलास्का अजून लांब आहे,” म्हणाले. “आणि कुत्रीचा खर्च मी धरलेला नाही.”